पंचावन्न नंबरची मान

सोमवार, २९ ऑगस्ट १९८३

चौतीस मुलं. म्हणजे अडुसष्ट घोटे! तीन वाजता पट्ट्या बांधायला बसले, पाच वाजता उठले तेव्हा कंबर सरळ होईना.

कॉलेजच्या फुटबॉल टीमचा ट्रेनर जुलैत एका मोठ्या युनिव्हर्सिटीत निघून गेला. दुसरा मिळेना, म्हणून त्यांनी आमच्या हॉस्पिटलकडे फिजिओथेरपिस्ट मागितला. मीटिंगमध्ये सुपरवायझरने विचारलं, "कोण जाईल?" सगळ्यांनी एकदम खाली बघितलं. मी तेवढी वर बघत होते. झालं!

आता सकाळी सात ते एक हॉस्पिटलमध्ये पक्षाघाताचे म्हातारे. मग पन्नास मिनिटं मक्याच्या शेतांमधून ड्राइव्ह. मग हे तरणेताठे. नोव्हेंबरपर्यंत.

चौदा वर्षं या देशात काढली, पण यांचा फुटबॉल कधी धड बघितला नाही. पायाचा संबंध कमीच. हेल्मेट घालायचं, लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं, आणि समोरच्याने अंगावर आदळून पाडायचं. एवढंच कळलं.

पहिल्या मुलाचा पाय हातात घेतला तर तो लाजून लाल. "मॅम, घाण आहेत माझे पाय." म्हटलं, "सगळ्यांचेच असतात."

जेवताना श्रीरंगला सांगितलं. तो हसत सुटला. "म्हणजे रोज चौतीस जणांच्या पाया पडणार तू!" आईला पत्रात यातलं काही लिहायचं नाही.

बुधवार, ३१ ऑगस्ट

'देवस्थळी' कुणालाच म्हणता येत नाही. दोन दिवस प्रयत्न झाले. आता मी मिसेस डी.

कोच हॅल्व्हर्सन साठीचे. एका कानाने ठार बहिरे, म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलतात. पट्ट्या बांधायच्या खोलीत भिंतीवर एक फोटो आहे. १९४३ सालची टीम. तेरा मुलं, मागे रिकामी बाकं. बाकी सगळी युद्धावर गेली होती. कोच स्वतः त्या तेरांत. कानामुळे सैन्याने त्यांना घेतलं नाही. कुणी "दुखतंय" म्हणालं की त्या फोटोकडे बोट. "त्रेचाळीस साली आम्ही तेरा होतो! एकही मॅच सोडली नाही!"

दोन दिवसांत चार वेळा ऐकलं.

शनिवार, १० सप्टेंबर

पहिली मॅच. ०–४१. हरलो.

'हरलो' लिहिलं मी! दोन आठवड्यांत!

बुधवार, १४ सप्टेंबर

चौतिसाचे एकोणतीस झाले. दोघांचे गुडघे गेले, एकाचं खांद्याचं हाड. दोघं म्हणाले अभ्यास आहे आणि निघून गेले. शहाणे.

रांगेत रोज शेवटी उभा राहतो तो कॅप्टन. रे नोवाक, नंबर पंचावन्न. बाकीच्यांचं होईपर्यंत टेपचे रोल उघडून देतो, कापलेले तुकडे उचलतो. बोलत नाही फारसा. त्याचं काम म्हणजे मधोमध उभं राहून, चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवा करणं. टीम हरते त्यामुळे त्याला काम भरपूर!

आज टीव्हीवर लेबनॉनमधलं बैरूत दाखवत होते. डोंगरावरून तोफा चालल्यात. खोलीतल्या छोट्या रेडिओवरही तीच बातमी लागली, तेव्हा एक मुलगा पटकन उठला आणि त्याने रेडिओ बंद केला. सगळे रेकडे बघत होते. मग मला कळलं. त्याचा मोठा भाऊ टॉम मरीन्समध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सैन्यात आहे. मे महिन्यापासून बैरूतला. शांतता राखायला गेलेत म्हणे.

शनिवार, १७ सप्टेंबर

हरलो. ऊन. माझे पाय सुजलेत, त्यांना पट्ट्या कोण बांधणार?

मंगळवार, २० सप्टेंबर

वसुधाताईंचा फोन. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला का नव्हतीस? सांगितलं. मग, "अगं शरयू, पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीत जातेस तू?" म्हटलं, शेजारच्या खोलीत. "तरी पण!" आणि एवढं करून टीम जिंकते तरी का, तर तेही नाही, म्हटल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं.

प्रतिमा तर म्हणते, "मॉम, दे आर द वर्स्ट टीम इन इलिनॉय." चौदा वर्षांची पोर, माहिती मात्र सगळी.

शनिवार, २४ सप्टेंबर

परत हरलो. मिसेस नोवाकची ओळख झाली. दोन तास गाडी चालवून प्रत्येक मॅचला येतात. एका शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करतात. नवरा वारून सहा वर्षं झाली. मला म्हणाल्या, "माझ्या मुलाची काळजी घेणाऱ्या बाई तुम्हीच ना?" मग माझ्या हातात एक डबा दिला. सफरचंदाचा केक. हात बघितले त्यांचे. माझ्यासारखेच, पाण्याने उकललेले.

शनिवार, १ ऑक्टोबर

हरलो ते सोडा. तिसऱ्या भागात रेने एकाला पाडलं आणि उठला तेव्हा त्याचा डावा हात नुसता लोंबत होता. पिशवीसारखा. मी लाईनपर्यंत धावले. मिनिटभरात हात हलला. त्याने मला लांबूनच उजव्या हाताने थांबवलं आणि परत जाऊन उभा राहिला.

ओळखते मी हे. मानेत शीर चिमटते, बोटांपर्यंत करंट लागल्यासारखं होतं. एकदा झालं तर होतं आणि जातं. पुन्हा पुन्हा झालं तर नाही जात.

सोमवार, ३ ऑक्टोबर

सगळे गेल्यावर रेला बसवून घेतलं. माझी दोन बोटं त्याच्या मुठीत दिली. "दाब." उजवीकडे ओरडायची वेळ आली. डावीकडे बरं, पण कमी.

"असं किती वेळा झालंय?"

"एकदाच."

"रे."

"तीनदा."

म्हटलं, मला रिपोर्ट लिहावा लागेल. डॉक्टरांना दाखवावं लागेल. इथे गावातले म्हातारे डॉक्टर फक्त शनिवारी येतात. मी लिहिलं तर ते बघणार, नाही लिहिलं तर कुणीच नाही.

तो खूप वेळ हातातला टेप उलगडत, गुंडाळत बसला. मग म्हणाला, "मिसेस डी, आमच्या मॅचेस कॉलेजच्या रेडिओवर लागतात. माझा रूममेट टेप करतो. दर सोमवारी मी ती कॅसेट टॉमला पाठवतो. तिकडे तो आणि त्याचे मित्र ऐकतात. पंचावन्नने किती जणांना पाडलं ते मोजतात. मागच्या पत्रात त्याने लिहिलंय, आठवड्यातला तेवढा एक तास मी इथे नसतो." मग, "त्याला काय सांगू? शांतता राखायला गेलेली माणसं वाळूच्या पोत्यांमागे बसलीत, आणि मी मान दुखते म्हणून बाकावर?"

पाच वर्षं आम्ही नागपूरला माझ्या वडिलांना, अण्णांना, कॅसेट पाठवत होतो. प्रतिमाचं बोबडं मराठी, तिची गाणी. शेवटची पोचली तेव्हा अण्णांचा तेरावा होऊन गेला होता.

नाही लिहिलं. गळ्याभोवती बांधायचा जाड पॅड दिला आणि म्हटलं, परत झालं तर तू स्वतः मला सांगायचंस. "प्रॉमिस," म्हणाला.

शनिवार, ८ ऑक्टोबर

हरलो. विचारलं. "नाही झालं," म्हणाला.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

मक्याची कापणी चाललीय. रस्त्यावर सगळीकडे भुसा. गाडी चालवताना डोळे मिटतात. आज एका म्हाताऱ्या पेशंटने पाच महिन्यांनी स्वतः चमचा उचलला आणि मला आनंदसुद्धा झाला नाही. नुसतं वाटलं, चला, एक काम कमी.

असं व्हायला नको.

शनिवार, १५ ऑक्टोबर

हरलो. बसमध्ये चढताना रेने पिशवी उजव्या खांद्यावर घेतली. हेल्मेट उजव्या हातात. पाण्याची बाटलीही त्याच हाताच्या बोटांत अडकवलेली. डावा हात जॅकेटच्या खिशात.

विचारलं. "नाही झालं, मिसेस डी."

आणि मी मान डोलावली. मला कळत होतं. लिहून ठेवते, कारण उद्या मीच स्वतःला सांगेन की कळत नव्हतं.

शनिवार, २२ ऑक्टोबर

जिंकलो!! १३–१०!

बावीस मुलं उरलीत. समोर साठ. शेवटच्या मिनिटाला ते आमच्या गोलच्या रेघेपासून दोन यार्डांवर. सगळे उभे. त्यांचा एक बैलासारखा पोरगा चेंडू घेऊन आला आणि रे मधून असा गेला की आवाज माझ्यापर्यंत आला. रेघेच्या अलीकडे पाडला. मॅच संपली! कोच हॅल्व्हर्सन रडत होते. मिसेस नोवाकनी मला मिठी मारली, दोघीही नाचलो थंडीत. मी, बेचाळीस वर्षांची बाई!

मग रेला पाण्याचा पेला दिला. त्याने डाव्या हाताने घेतला. घेतला म्हणजे बोटं भोवती गेली, आणि पेला खाली पडला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

"सोमवारी लिहिणार आहे मी," म्हटलं.

"सोमवारी," तो म्हणाला. हसत होता. "आज टॉमसाठी कॅसेट आहे."

रविवार, २३ ऑक्टोबर

सकाळी श्रीरंगने हाक मारली. "शरयू, इकडे ये. लगेच ये."

टीव्हीवर काँक्रीटचा ढीग. माणसं हातांनी उकरतायत. पहाटे एक ट्रक बाँब भरून मरीन्सच्या इमारतीत घुसला. सगळे झोपलेले होते. रविवार म्हणून जरा जास्त वेळ झोपायची परवानगी होती म्हणे.

आकडा दर तासाला वाढतोय.

नोवाकांकडे फोन केला. एंगेज. दिवसभर एंगेज.

सोमवार, २४ ऑक्टोबर

टॉम त्याच इमारतीत राहायचा. बाकी काही कळलेलं नाही. जिवंतांची नावंही सांगत नाहीत, मेलेल्यांचीही नाहीत. फोन करू नका, लाईन मोकळी ठेवा, एवढंच सांगतात.

रे आला. मला वाटलं घरी गेला असेल. "आई म्हणाली इथेच थांब. घरात दोघं बसून फोनकडे काय बघायचं." रांगेत शेवटी उभा राहिला, रोल उघडून दिले. एकही मुलगा बोलत नव्हता. एरवी किती कलकलाट!

मग जाता जाता म्हणाला, "शनिवारची कॅसेट पोस्ट केली मी."

आज लिहायचं होतं. नाही लिहिलं. आज कोण लिहील!

बुधवार, २६ ऑक्टोबर

अजून काही नाही. चौथा दिवस.

त्याला बसवलं, तपासलं. करंगळीला टाचणी टोचलेली कळत नाही. कोपर सरळ करताना मी एका बोटाने हात वाकवू शकते. एका बोटाने! दोनशे पौंडांचा मुलगा.

"शनिवारी खेळायचं नाही, रे."

"मी खेळणार आहे."

"तुझी मान—"

"तो जिवंत असला तर ऐकेल. नसला..." थांबला. "मी बसून राहू शकत नाही, मिसेस डी. बसलो की मला तो ढीग दिसतो."

आज श्रीरंगला सगळं सांगितलं. तीन तारखेपासूनचं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "प्रतिमा असती तर तू किती दिवस थांबली असतीस?"

एक दिवसही नाही.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

लिहिलं. एक पान. तारखांसकट. तीन ऑक्टोबर लिहिताना पेन अडलं, पण लिहिलं. मला माहीत होतं आणि मी कळवलं नाही, असंही लिहिलं.

कोचच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. "मिसेस डी, त्या मुलाला या आठवड्यात याशिवाय काय आहे? तेवढे तीन तास. ते पण काढून घ्यायचे?"

"एक्स-रे झाल्याशिवाय मी त्याला पट्टी बांधणार नाही."

"मी बांधतो. ट्रेनर यायच्या आधी मीच बांधत होतो."

"मग मी हा कागद कॉलेजच्या डीनकडे नेते."

"त्रेचाळीस साली—" त्यांनी सुरुवात केली. फोटोकडे बोटही गेलं. मी म्हटलं, "तेरा होता. माहीत आहे. एकही मॅच सोडली नाही." खूप तुटक बोलले मी. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाशी. पण इतकी दमले होते की दुसरं काही तोंडातून येईना.

ते तसेच उभे. बोट फोटोवर. मग ओरडले नाहीत. पहिल्यांदाच हळू बोललेलं ऐकलं मी त्यांना.

"हा. डावीकडून दुसरा. एमेट. शेवटच्या मॅचच्या आधी त्याचं डोकं आपटलं होतं. बोलताना शब्द विसरायचा. मला माहीत होतं. मी कॅप्टन होतो. म्हटलं, एमेट, तेराचे बारा होतील, सगळे काय म्हणतील, पोरं तिकडे मरतायत आणि तुला डोकं दुखतं? त्याने हेल्मेट घातलं. खेळला. रविवारी त्याची आई उठवायला गेली तर उठला नाही."

त्यांनी बोट फोटोवरून खाली घेतलं.

"चाळीस वर्षं मी सगळ्यांना तेरा जणांची गोष्ट सांगतो," म्हणाले. "ही नाही सांगत."

मग कागद सरळ केला, खाली सही केली, आणि गावातल्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

मानेचा सहावा मणका चिरलाय. आणि किंचित पुढे सरकलाय. किती दिवसांपासून, सांगता येत नाही. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या एक नीट धडक बसली असती, तर हा मुलगा मानेखाली हलला नसता."

शनिवारी त्या पोराला पाडलं तेव्हाचा आवाज. मी तेव्हा नाचत होते.

रेच्या गळ्याला कडक पट्टा घातलाय. बारा आठवडे. फुटबॉल कायमचा बंद. त्याला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे वळला. पट्ट्यामुळे मान वळत नाही, सगळं अंग वळवावं लागतं.

"तुम्ही प्रॉमिस केलं होतं."

मी नव्हतं केलं. त्याने केलं होतं. पण हे सांगून काय उपयोग?

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? तुम्हाला काय कळतं? ही टीम तुमची नाही. हा देशपण तुमचा नाही!"

लिहून ठेवलं. राग नाही. एकवीस वर्षांचा आहे, भाऊ ढिगाखाली आहे. पण घरी येताना एका शेताशी गाडी थांबवली आणि दहा मिनिटं तशीच बसून राहिले.

शनिवार, २९ ऑक्टोबर

हरलो. ३–३८. रे आला नाही. रांगेच्या शेवटी कुणी नव्हतं. तुकडे मीच उचलले.

मंगळवार, १ नोव्हेंबर

आज सकाळी नोवाकांच्या दारात दोन मरीन्स उभे राहिले. पूर्ण ड्रेसमध्ये. मिसेस नोवाक कामावर निघाल्या होत्या. कोचनी मला हॉस्पिटलमध्ये फोन करून सांगितलं. फोनवर ते परत ओरडूनच बोलत होते, पण शेवटी आवाज फुटला.

टॉम. चोवीस वर्षांचा.

मी पुढच्या पेशंटकडे गेले. त्याचा खांदा हलवला, दहा वेळा. आणखी दहा वेळा. काम करत राहिले.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. प्रतिमाने पणत्या लावल्या. यंदा मी चकली केली नाही, वसुधाताईंनी पाठवली. श्रीरंग कामावरून लवकर आला. पूजा झाल्यावर प्रतिमा म्हणाली, "आई, कॅन वी लाइट वन फॉर हिम?" म्हटलं, लाव. तिने एक पणती खिडकीत नेऊन ठेवली.

गुरुवार, १० नोव्हेंबर

टॉमचं दफन. आम्ही तिघंही गेलो. मक्याची खुंटं राहिलेली शेतं आणि मध्ये छोटं चर्च. अख्खी टीम जर्सीवर कोट चढवून उभी. बंदुकांचे बार झाले तेव्हा प्रतिमाने माझा हात इतका घट्ट धरला!

घडी केलेला झेंडा मिसेस नोवाकच्या मांडीवर ठेवला. त्या त्याच्याकडे असं बघत होत्या, जणू हे कुणाचं आणि आपल्याकडे का दिलं. रे शेजारी ताठ. गळ्यात पट्टा, त्यामुळे त्याला मान खाली घालता येत नव्हती. सगळे खाली बघत होते, तो एकटाच समोर.

नंतर जवळ गेले. "रे," म्हटलं. तो अख्खा वळला आणि दुसरीकडे चालायला लागला. मिसेस नोवाकनीही माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असेल, दिसले नसेन. त्या दिवशी त्यांना कोण दिसणार!

मला मात्र वाटत राहिलं की त्यांनी तीन ऑक्टोबरची ओळ वाचली असावी.

शनिवार, १२ नोव्हेंबर

शेवटची मॅच. सतरा मुलं. हरलो, ७–२०. पहिला बर्फ भुरभुरला.

मॅचनंतर डीननी जाहीर केलं, पुढच्या वर्षी टीम नाही. पुरेशी मुलं येत नाहीत. कोचना आधीच माहीत होतं. खोलीतला फोटो त्यांनी उतरवला, मागे पेनने काहीतरी लिहिलं आणि काखेत घेतला. मला म्हणाले, "मिसेस डी, तुम्ही चांगल्या पट्ट्या बांधता." त्यांच्याकडून हे म्हणजे खूप.

मुलांनी रांगेने येऊन हात मिळवले. त्यातल्या एकाने, पहिल्या दिवशी लाजलेल्याने, विचारलं, "तुमच्याकडे पायाला हात लावणं म्हणजे मोठ्यांना नमस्कार ना? आम्ही लायब्ररीत वाचलं." मग वाकला बिचारा! एवढा मोठा देह, बर्फात! मी म्हटलं, अरे ऊठ, ऊठ.

सोमवार, १४ नोव्हेंबर

दुपारी एक वाजता सुटले आणि गाडी आपोआप पश्चिमेला, कॉलेजच्या रस्त्याला वळली. तीन सिग्नल गेल्यावर लक्षात आलं. परत फिरले.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

चार दिवस सुट्टी. झोपते, उठते, परत झोपते. श्रीरंग म्हणतो, डॉक्टरला दाखव. डॉक्टर काय सांगणार? सकाळी चहा करताना, डोकं विंचरताना, एकच गोष्ट. पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर मणका चिरला नसता. लिहिलंच नसतं तर निदान भावाच्या आठवड्यात तो मुलगा मैदानावर असता, आणि कदाचित काही झालंही नसतं. कदाचित. दोन्हीकडून मीच.

त्याला पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. चौथं पाठवलं. उत्तर येणार नाही.

शनिवार, १० डिसेंबर

सकाळी मिसेस नोवाकचा फोन. म्हणाल्या, "रे सोमवारी शिकागोला गेला होता. मला न सांगता. गळ्याचा पट्टा काढून ठेवून. मरीन्समध्ये भरती व्हायला."

"मग?" म्हटलं.

"तपासणीत डाव्या हाताची पकड कमी पडली. त्यांनी कॉलेजकडून कागद मागवला. तुमचा कागद. काल कळवलं त्यांनी, घेणार नाही. कधीच नाही."

मी "सॉरी" म्हणायला गेले. त्यांनी पुढे बोलू दिलं नाही.

"तो तुमच्याशी जन्मात बोलणार नाही म्हणतो. माझ्याशीही बोलत नाही. दार लावून बसलाय."

मग फोनमध्ये त्या रडायला लागल्या. आधी मला कळलंच नाही की त्या हसतही आहेत.

"बसू दे," म्हणाल्या. "घरात आहे."